सेंद्रिय रस ओळखता येतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप दोन. संत्र्याचा सेंद्रिय रस आणि साधा रस प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येतात हा दावा फसवा आहे. आणि ‘हरित विश्लेषण’ (घातक रसायनं कमीत कमी वापरून केलेली तपासणी) म्हणजे रसायनं वाचवून उरकलेली कच्ची तपासणी.

पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ‘हा रस सेंद्रियच’ असं छातीठोकपणे सांगणारं यंत्र नाही. पण खोटेपणाचा माग काढता येतो. युरियातला नायट्रोजन मुळात हवेतला, त्यामुळे त्यात नायट्रोजन-15 या जड समस्थानिकाचं (म्हणजे नायट्रोजनच्याच थोड्या जड अणूंचं) प्रमाण हवेच्या जवळपास असतं. शेणखतातून अमोनिया उडतो तेव्हा हलका नायट्रोजन जास्त निघून जातो, जड मागे राहतो आणि झाडातून रसाच्या गरात उतरतो. नुसतं शेणखत घातलं म्हणणाऱ्याच्या रसात हे प्रमाण हवेइतकंच निघालं, तर त्याला जाब विचारायलाच हवा. मात्र ताग-धैंचा गाडणारा प्रामाणिक शेतकरीही इथे संशयात सापडतो, कारण ही द्विदल पिकं हवेतलाच नायट्रोजन घेतात. एवढ्या एका आकड्यावर कुणाचं प्रमाणपत्र काढून घेणं अन्यायाचं होईल.

दुसरा आक्षेप अजिबात पटत नाही. वर सांगितलेल्या नायट्रोजनच्या तपासणीत काही मिलिग्रॅम वाळवलेला गर कथिलाच्या इवल्याशा डबीत घालून जाळतात. द्रावक, म्हणजे नमुन्यातले घटक विरघळवून काढणारं रसायन, जवळपास लागतच नाही. कीटकनाशकांचे अंश शोधायची ‘कॅचर्स’ पद्धत 2003 साली आली. 10 ग्रॅम नमुना, 10 मिलिलिटर असिटोनायट्राइल हे द्रावक, वर मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ घालून मिनिटभर जोरात हलवायचं. सल्फेट पाणी शोषतं तशी नळी हाताला गरम लागते. जुन्या पद्धतींत एकेका नमुन्यामागे शेकडो मिलिलिटर द्रावक जायचं, कधी डायक्लोरोमिथेनसारखं घातकही. ओताओत कमी झाली की नमुना वाया जाण्याच्या जागाही कमी होतात. अन्नातलं विष शोधताना नवं विष गटारात सोडायचं, हे मला तरी पटत नाही.

तुमची शंका खरी ठरते ती अवरक्त किरणांच्या तपासणीत. रसाचा एक थेंब पुरतो, द्रावक शून्य. पण निकाल संगणकाच्या गणितावर अवलंबून. ते गणित दोन-चार बागांच्या फळांवर बसवलं, तर खताऐवजी जातीतला किंवा पिकण्यातलाच फरक पकडला जातो. म्हणून ती मी पहिली चाळणी मानते. तिथे संशय आला, तरच बाटली पुढच्या तपासण्यांना पाठवावी आणि सोबत बागेच्या खत-फवारणीच्या नोंदीही मागवाव्यात.