रिव्ह्यूला उत्तर: बोट लांब का थांबवली

नमस्कार,

आपला रिव्ह्यू मी दोनदा वाचला. आपली तक्रार अशी, की आमच्या व्हेल दाखवणाऱ्या फेरीत व्हेल दिसली पण लांबून. दुसरी एक बोट तिच्या अगदी जवळ गेली, आमच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, मात्र इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि तुम्ही सगळ्यांनी सांगूनही बोट पुढे घेतली नाही. पंधरा-वीस मिनिटांत परत फिरलो. घरी जाऊन फोटो पाहिले तर शेपटीशिवाय हाती काही नाही. म्हणून दोन स्टार, आणि पैसे परत मिळावेत ही मागणी.

तांडेलाने त्या दिवशी जे केलं ते आमच्याच सांगण्यावरून केलं. उद्या तीच वेळ आली तर तो तेच करेल, आणि तसंच करावं अशी माझी इच्छा आहे. त्याचं कारण आपल्याला नीट सांगायला हवं.

समोर होती ती हंपबॅक जातीच्या व्हेलची मादी, आणि तिच्या अंगाला लागून पिल्लू. पिल्लू प्रवाशांच्या लक्षात उशिरा येतं. श्वास सोडताना उडणारा त्याचा फवारा बुटका असतो आणि बऱ्याचदा आईच्या फवाऱ्याआड झाकला जातो. पण आईच्या दोन मोठ्या फवाऱ्यांच्या मधल्या वेळात छोटे छोटे फवारे दिसू लागले, की तांडेल समजून जातो. आई बराच वेळ पाण्याखाली दम धरू शकते, पिल्लाला तेवढं जमत नाही. त्याला दर थोड्या मिनिटांनी वर यावंच लागतं. म्हणजे बोटीला घाबरून आईने खोल जायचं ठरवलं तरी पिल्लाला फार काळ तिच्यासोबत खाली राहता येत नाही.

ही मादी थंड पाण्यातून हजारो किलोमीटर पोहून पिल्लाला जन्म द्यायला उबदार पाण्यात येते. इथे तिला खायला जवळपास काहीच नसतं. उन्हाळ्यात अंगावर साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि त्यातूनच पिल्लाला घट्ट, चरबीयुक्त दूध पाजते. जन्मतः चार-साडेचार मीटरचं पिल्लू परतीच्या प्रवासाआधी दणकट व्हायला हवं. आई पाण्यात निश्चल पडून असते तेव्हा ते पितं. बोट अंगावर आली की आई हलते, पिणं तुटतं, आणि दोघांची शक्ती पोहण्यात जाते. एका बोटीने हे एकदा केलं तर ती सावरेल. पण हंगामात रोज, दिवसातून कितीदा तरी, एकामागून एक बोटी हेच करतात.

त्यात आवाजाची भर. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि फार लांबवर पोचतो. हंपबॅक माय-लेकरं एकमेकांशी किती हळू बोलतात यावरचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्यांच्या अंगावर ध्वनिमुद्रण करणारी छोटी यंत्रं चिकटवली होती. ऐकू आलं ते बारीक चिरचिरणं आणि दबका हुंकार, जवळपास कुजबुजच. पिल्लांची शिकार करणाऱ्या ओर्का किंवा पिल्लाच्या आईमागे लागलेल्या नरांच्या कानावर पडू नये म्हणून इतका दबका आवाज, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. आता या कुजबुजीवर दोन डिझेल इंजिनं घरघरत आहेत असं समजा. बोट न्यूट्रलला टाकली होती ती यासाठी.

आवाजाबद्दलची आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नवीन खलाशाला सांगतो. सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची वर्दळ एकदम कमी झाली. कॅनडाच्या बे ऑफ फंडीमध्ये तेव्हा राइट व्हेल या दुसऱ्या जातीच्या व्हेलवर संशोधकांचं काम चालू होतं. पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला होता, आणि त्याच काळात गोळा केलेल्या व्हेलच्या विष्ठेत ताणाच्या हार्मोनचं प्रमाणही कमी आढळलं. आपल्या इंजिनांचा या प्राण्यांवर काय परिणाम होतो, हे इतकं स्पष्ट दाखवणारी दुसरी गोष्ट माझ्या माहितीत नाही.

अंतराचं म्हणाल तर हे आकडे आमच्या मनचे नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार व्हेलभोवतीचे ३०० मीटर सावधगिरीचे. तिथे बोट अगदी हळू चालवायची, एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नकोत, आणि १०० मीटरच्या आत कोणीच जायचं नाही. पिल्लू सोबत असेल तर त्या ३०० मीटरच्या आतही शिरायचं नाही. आम्ही हेच पाळतो. आपल्याला जे अंतर फार वाटलं, ते हेच होतं. एकाच प्राण्यापाशी अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळू नये अशीही शिफारस ठिकठिकाणी आढळते. पिल्लू असलं की आम्ही त्याच्याही आधी निघतो.

दुसरी बोट कोणाची, त्यांनी काय करायला हवं होतं, यात मी जाणार नाही. पण आपणच लिहिलं आहे, 'ती बोट जवळ गेली आणि तेवढ्यात व्हेलने बुडी मारली, ती परत दिसलीच नाही.' आम्हीही पुढे गेलो असतो तर तेच आपल्या वाट्याला थोडं आधी आलं असतं. त्या बुडीआधी जेवढा वेळ माय-लेकरं शांतपणे वर दिसली, तो वेळ आपल्या बोटीवरच्या सगळ्यांना मिळाला.

परत येताना डॉल्फिन बोटीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, आले त्याबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे. मला ती फार महत्त्वाची वाटली. ते आमच्यामागे लागले, आम्ही त्यांच्यामागे नाही. बोटीच्या नाळेपुढे पाण्याचा जो दाब तयार होतो त्यावर ते स्वार होतात, आणि कंटाळा आला की निघून जातात. अशा वेळी तांडेल दिशा आणि वेग बदलत नाही. त्यांना पुन्हा बोलवायला गोल फेऱ्या का मारल्या नाहीत, या आपल्या प्रश्नाचं उत्तरही हेच. जवळ यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

आता फोटो. शेपटीचा फोटो कृपया डिलीट करू नका. हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू, तिच्यावरचे काळे-पांढरे पट्टे, ओरखडे आणि मागच्या कडेचे दाते प्रत्येक प्राण्याचे वेगळे असतात. त्यावरूनच संशोधक एकेक व्हेल ओळखतात. 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर कोणीही असा फोटो टाकू शकतं. तो आधीच्या नोंदींशी जुळवला जातो, आणि ती व्हेल यापूर्वी कुठे दिसली होती ते बऱ्याचदा कळतं. शेपूट पूर्ण उचललेली आणि खालची बाजू समोर, असा फोटो मिळणं सोपं नाही. रिव्ह्यूसोबत आपण जोडलेला फोटो नेमका तसा आहे. तारीख आणि वेळ आपल्याकडे असेलच. नेमकी जागा आमच्या बोटीच्या जीपीएस नोंदीत आहे, ती आजच आपल्याला कळवतो.

पैसे परत करण्याबद्दल स्पष्टच सांगतो. व्हेल दिसलीच नाही तर पुढची फेरी मोफत, असं तिकिटावर लिहिलेलं आहे. आपल्याला ती दिसली, त्यामुळे परतावा देता येणार नाही. 'अगदी जवळून दाखवू' असं आम्ही कुठल्याही जाहिरातीत म्हणत नाही, आणि म्हणणारही नाही.

पुन्हा यायचं मनात आलं तर बुकिंगच्या वेळी फक्त एवढं विचारा, की सध्या पिल्लं जास्त दिसत आहेत का. मोठे, एकटे प्राणी असले की आम्ही १०० मीटरपर्यंत जातो. चौदा-पंधरा मीटरचा प्राणी त्या अंतरावर उसळी मारतो तेव्हा मोबाइलचा साधा कॅमेराही पुरतो. दुर्बिणी बोटीवर असतात, चढल्या चढल्याच खलाशाकडून मागून घ्या.