पोस्टरसमोरचा एक तास

2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि महाराष्ट्रात एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. तहसिलीच्या रेकॉर्ड रूमपासून हैदराबादेतल्या निजामकालीन कागदांपर्यंत बस्ते सुटले. चांगलंच झालं. पण तेव्हापासून पुराभिलेखांवरची आपली चर्चा मोडीचे वर्ग आणि स्कॅनर या दोनच खुंट्यांभोवती फिरते आहे. अभिलेखशास्त्राचा, म्हणजे जुने कागद लावण्या-जपण्याच्या विद्येचा, विद्यार्थी व्यावसायिक परिषदेला जातो म्हणाला, की घरचे विचारतात आणि विभागातलेही विचारतात: तिथे जाऊन करणार काय? भाषणं यूट्यूबवर सापडतात, आणि पदं तर निघतच नाहीत.

प्रश्न रास्त आहे. नुसत्या भाषणांसाठी खिशाला खार लावून कुणी जाऊ नये, हे इथे अमेरिकेत राहूनही पटतं. पण इथल्या परिषदेत विद्यार्थ्याला ऐकण्यापलीकडे एक काम नेमून दिलेलं असतं. आपल्याकडच्या वादात नेमका हाच भाग सुटतो.

सोसायटी ऑफ अमेरिकन आर्किव्हिस्ट्स ही इथल्या अभिलेखपालांची, म्हणजे अभिलेख सांभाळणाऱ्यांची, संस्था 1936 ची. तिची वार्षिक सभा दरवर्षी नव्या शहरात भरते. 2023 ला वॉशिंग्टन, 2024 ला शिकागो, 2025 ला अनाहाइम. पहिल्यांदा येणाऱ्याची जोडी एखाद्या मुरलेल्या अभिलेखपालाशी लावून देतात, बायोडेटा तपासून द्यायला अनुभवी माणसं बसलेली असतात, आणि विद्यार्थ्यांची पोस्टरं लागतात: आपलं काम एका मोठ्या तक्त्यावर मांडायचं आणि त्यासमोर उभं राहून येणाऱ्यांना उत्तरं द्यायची. तिन्हींत पोस्टर सगळ्यात मोलाचं, कारण तिथे पाठांतर चालत नाही. समोर उभा राहणारा माणूस तेच काम वीस वर्षं करत आलेला असतो.

बहुतेक पोस्टरं एकाच कारणाने फसतात. ‘माझी इंटर्नशिप’ असं शीर्षक, संस्थेची इमारत, पांढरे हातमोजे घातलेला फोटो, खाली हजार शब्द. (कागद हाताळताना सुती हातमोजे न घातलेलेच बरे. बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात पुरतात.) पोस्टरवर एक निर्णय हवा: काय करायचं होतं, कोणते दोन मार्ग होते, कोणता घेतला, त्यात काय गमावलं. मजकूर तीन-चारशे शब्दांपुढे जाऊ नये, आणि शीर्षक दोन मीटरवरून वाचता यावं.

आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, बांधलेले आहेत. समजा, अशाच एखाद्या रुमालावर विद्यार्थ्याने काम केलं. प्रश्न असा, की कागद उलगडून, सपाट करून पेटीत ठेवायचे, की घडीसकट रुमालातच राहू द्यायचे? सपाट केले तर वाचायला आणि स्कॅनला सोपे. पण घडी मोडली की कोणता कागद कोणत्या कागदाच्या पोटात होता हे कायमचं गेलं. म्हणून गाठ सोडण्याआधी गाठीचा आणि वरच्या चिठ्ठीचा फोटो, मग प्रत्येक थराचा फोटो, आणि क्रमांक मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात. बॉलपेन कधीच नाही. घड्या सैल करायला ओलावा देण्याचा मोह होतो, तिथेच घात होतो. मोडी कागदांवरची काजळीची शाई डिंकात बांधलेली असते आणि पाणी लागलं की फुटते. हातकागद त्यामानाने टिकाऊ. 1900 नंतरच्या लाकडी लगद्याच्या कागदाचा मात्र हातात भुगा होतो.

यावर इथला अभिलेखपाल हमखास विचारेल: रुमालातला हा क्रम लावला कुणी? पेशव्यांच्या फडाने (कचेरीने), की पुढे इंग्रजी अमदानीत इनामांचं काम पाहणाऱ्या एलिनेशन ऑफिसने? रियासतकार सरदेसाईंनी 1930 च्या दशकात या दफ्तरातली निवड 45 खंडांत छापली, तिचे उपकार मोठे आहेत. पण निवडलेलं पत्र आपल्याला मजकूर सांगतं. त्याच्या शेजारी काय होतं, ते सांगत नाही. मोडीचा वर्ग कितीही चांगला असला तरी हा प्रश्न तिथे येत नाही, आणि अभिलेखपालाचं निम्मं काम याच प्रश्नाचं आहे.

आणखी एक अडचण मोजमापाची. इथे संग्रह फडताळावरच्या फुटांत मोजतात. नेहमीची कागदपेटी 5 इंच जाडीची, म्हणजे 12 पेट्यांचे 5 फूट. ‘चाळीस रुमाल’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. तिन्ही आकडे द्यावेत: रुमाल किती, सुट्टे कागद किती, आणि उलगडल्यावर फडताळ किती फूट जास्त लागलं. हा शेवटचा आकडा पाहून लोक थांबतात, कारण जागा कुणाकडेच नसते.

बायोडेटाच्या टेबलावर आपल्या मुलांनी एक गोष्ट सरळ विचारावी: नोकरी देणारी संस्था एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सुटलेली आहे का? विद्यापीठं सुटलेली असतात, खाजगी कंपन्या सहसा नसतात, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या सरकारी नोकरीला बहुधा नागरिकत्वच लागतं. अमेरिकेबाहेरच्या परिषदेला जायचं तर (ऑक्टोबर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेची बार्सिलोनात भरली तशी) आय-20 वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या विद्यार्थी असल्याच्या कागदावर, विद्यापीठाची प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. पासपोर्टवरच्या एफ-1 या विद्यार्थी व्हिसाची मुदत संपली असेल तर कॅनडाहून 30 दिवसांच्या आत सहसा परतता येतं, स्पेनहून नाही. पोस्टर स्वीकारलं गेलं आणि परतीचं दार बंद, अशी फजिती याच गफलतीने होते.

आता दुसरी बाजू. हे सगळं विद्यार्थ्याच्या खर्चाने चालतं. नोंदणीला सवलत मिळाली तरी विमान आणि हॉटेल उरतंच. मोठ्या शहरात खोली रात्रीला 200 डॉलरच्या वर सहज जाते, म्हणून चौघं एका खोलीत. सोसायटीचा हॅरॉल्ड पिंकेट यांच्या नावाचा विद्यार्थी-पुरस्कार, डोनाल्ड पीटरसन यांच्या नावाचं प्रवास अनुदान, हे मोजक्यांना मिळतं. ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्या ओळखी वाढतात, हे इथलं न बोललं जाणारं सत्य. शहाणे विद्यार्थी आधी प्रादेशिक परिषद गाठतात. मध्य-अटलांटिक भागातल्या अभिलेखपालांची 1972 पासूनची मॅरॅक (MARAC) ही परिषद वर्षातून दोनदा भरते आणि गाडीने जाता येतं.

हे जसंच्या तसं पुण्यात आणायची गरज नाही. आपल्याकडे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शन यांत सकाळ जाते आणि अभिलेखशास्त्राची मुलं नोंदणीच्या टेबलावर किंवा पुष्पगुच्छ धरून उभी असतात. मोडी येणारी, दफ्तर हाताळलेली मुलं. पदं नाहीत हे खरं. पण 1993 चा केंद्राचा आणि 2005 चा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा कार्यालयांकडून अभिलेख अधिकाऱ्याची अपेक्षा धरतो, आणि ते काम बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी अतिरिक्त कार्यभारात असतं. तो कारकून आणि हा विद्यार्थी एका पोस्टरसमोर तासभर उभे राहिले, तर कोणता कागद किती वर्षं ठेवायचा या अ-ब-क-ड वर्गवारीत काय चुकतं हे दोघांनाही कळेल. कारकुनाला कदाचित जास्तच.

खर्च फार नाही. एक दिवस, एक सभागृह, वीस बोर्ड, एसटीचं भाडं, दुपारचं जेवण. भाषण एकच, तेही जेवणानंतर. प्रत्येक पोस्टरला दोन बाहेरची माणसं नेमून द्यायची, एक अभिलेखागारातलं आणि एक जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधलं. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर संध्याकाळी, आणि त्याआधी विद्यार्थ्याने एक पान लिहून द्यायचं: कुणी काय विचारलं आणि कशाचं उत्तर देता आलं नाही.