थंडीतला जिताडा: ‘पहाट सोडून दुपारी कशाला जायचं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. मूळ लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सगळ्यांनीच वाचली असेल असं नाही, म्हणून थोडक्यात मांडतो. मूळ लेखात मी लिहिलं होतं की थंडीत जिताडा मासा धरायचा तर पहाट सोडून दुपारी जा. दाभोळ खाडीत पौषातल्या तीन पहाटे तुम्ही उघाडीपाशी (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) ल्युअर (नकली आमिष) मारलात, एकही मासा लागला नाही. चौथ्यांदा लागला तो मी सांगितलेला ४० पौंडी लीडर (गरीजवळची जाड दोरी, ४० पौंड ताण सोसणारी) तोडून गेला. म्हणून तुमचं म्हणणं असं की थंडीत जिताडा खातच नाही, ‘दुपारी जा’ हा सल्ला घरात बसून दिलेला आहे, आणि मोठा मासा सोडा म्हणणं हे शहरी चोचले आहेत. लीडरच्या बाबतीत चूक माझी. पहाटेच्या बाबतीत अर्धी माझी. बाकी मात्र पटलं नाही.

जिताडा (तुमच्याकडे खजुरा, खाली मालवणात चोणक) खुलून खातो तो पाणी २६ ते ३० अंश असताना. २० च्या खाली तो जवळजवळ तोंड मिटतो. आपल्या खाडीचं पाणी सहसा इतकं उतरत नाही. थंडीतल्या पहाटे उथळ भागात ते २२-२४ पर्यंत येतं. एवढ्यानं मासा उपाशी बसत नाही, पण पचन मंदावतं, भूक कमी होते आणि पाठलाग करायचं तो सोडतो. पेण-अलिबागकडे तळ्यात जिताडा वाढवतात, तिथेही थंडीत त्याचं खाणं घटतं. मोठा मासा तर एक बोय मासा गिळून बराच वेळ खांबाच्या आडोशाला पडून राहतो.

आता तुमची उघाडी. खाजणातलं, म्हणजे बांधाआडच्या खाऱ्या दलदलीतलं, पाणी वीतभर, हातभर खोल. रात्रभर उघड्या आभाळाखाली तेच सगळ्यात जास्त गारठतं आणि पहाटेच्या ओहोटीला उघाडीतून तेच बाहेर पडतं. म्हणजे खाडीतल्या सगळ्यात थंड पाण्यात तुम्ही गळ टाकत होतात. त्याच जागी दुपारी चित्र उलटं असतं. सकाळच्या ओहोटीत उघडा पडलेला चिखल उन्हानं तापतो, त्यावर भरती चढते आणि उतरताना ऊब घेऊन उतरते. कोळंबी आणि बोयही तिच्याबरोबर येतात. जिताडा उघाडीच्या तोंडाशी उभा राहतो तो त्यांच्यासाठी.

पहाट मात्र मी सरसकट बाद केली, ते चुकलं. समुद्राचं पाणी जानेवारीतही २५-२६ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे पहाटे भरती चढत असेल तर खाडीच्या मुखाजवळ ऊब आत येते. तेव्हा पहाटेला मुख आणि चढतं पाणी, दुपारी उघाडी आणि उतरतं पाणी. दिवस निवडायला पंचांग पुरतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. उघाडीसाठी हेच दिवस. पहाटेसाठी एकादशी-द्वादशी, भरती सव्वाआठ-नऊला. (घरात एकादशीला गळ चालत नसेल तर द्वादशी धरा, मासा तिथी पाळत नाही.) हा हिशेब मुंबईच्या बाजूचा; दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते आणि खाडीत आत जावं तसा उशीर होतो. तेवढा फरक आपल्या जागेवर दोन दिवस बघून धरावा लागतो.

दाभोळ खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत आणखी एक भानगड आहे. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी हिवाळ्यातही नदीत येत राहतं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारं तळाशी. चिपळूणजवळ गोवळकोटच्या बाजूला बसलात तर ल्युअर वरच्या थरात फिरवून उपयोग नाही, तो तळ गाठायला हवा.

आणि वेग! ‘हात दुखले’ असंही लिहिलंत, तिथेच कळलं की ल्युअर फार वेगानं ओढत होतात. थंडीत हात दुखायला नकोत. चार इंची मऊ रबरी मासा, १० ते १४ ग्रॅमचं जिग हेड (डोक्याशी शिसं ओतलेली गरी). तळाला टेकू द्या, रॉडचं टोक फूटभर उचला, दोरी ताठ ठेवूनच खाली सोडा आणि मनात आठपर्यंत मोजा. मासा घेतो तो बहुतेक वेळा पडताना किंवा पडून राहिल्यावर. हिसका बसत नाही, नुसतं ‘टक’ होतं किंवा दोरी बाजूला सरकते. दोरी ढिली असेल तर तेही कळत नाही.

त्यापेक्षा जिवंत कोळंबी बरी. शिंगाच्या मुळाशी कवचाखालून गरी घाला, आतला काळा ठिपका टाळून. तो टोचला की कोळंबी मेली. ५/० ची सर्कल गरी (टोक आत वळलेली), तिच्या वर हातभर अंतरावर ५ ते १० ग्रॅमचं सरकतं शिसं. जास्त जड झालं तर कोळंबी चिखलात रुतते. सर्कल गरीला झटका मारायचा नाही. दोरी ताणू द्या, रील फिरवत राहा, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते.

लीडर ४० पौंडी लिहिला तो दोन-तीन किलोच्या माशाला पुरतो. मोठ्याला ६० हवा, दीड मीटर. त्याचे दात बारीक पण तोंड कानशीसारखं खरखरीत, आणि कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी. डोकं झटकताना दोरी त्या कडेवर आली की संपलं. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवा. खरबरीत लागला तर तेवढा कापून गाठ नव्यानं मारा. मासा उडी घेईल तेव्हा रॉड खाली करा, पण दोरी ढिली सोडू नका.

राहिले शहरी चोचले. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मीटरभराचा मासा म्हणजे मादीच समजा, पावसाळ्यात लाखो अंडी घालणारी. खायला दोन-तीन किलोचा घ्या, चवीलाही तोच सरस. मोठी सोडायची तर जबड्याला धरून उभी लोंबकळवू नका, स्वतःच्या वजनानं तिचा जबडा आणि मणका दुखावतो. एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली, आडवी. पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि शेपटीचा जोर हाताला लागला की सोडा.