डाव्या मागच्या काचेबद्दल : एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक तारा दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण त्यात तुम्ही जे करून घेतल्याचं लिहिलंय, ते वाचून आणखी चार जण तेच करून घ्यायला जातील. म्हणून फोन न करता उत्तर इथेच देतोय.

वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रिमोटने गाडी लॉक केली की चारही काचा आपोआप वर जाव्यात म्हणून आमच्याकडे मॉड्यूल, म्हणजे ते काम करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा, बसवलं. पाऊस सुरू झाल्यापासून डावी मागची काच चार बोटं उरली की थांबायला लागली. सेटिंग वाढवून द्या म्हटलं तर मी नकार दिला, वर उद्धटपणे बोललो. दुसऱ्या एका दुकानात तेच काम दहा मिनिटांत झालं. शिवाय वायरी कापल्या, पंधराशेला मिळणाऱ्या वस्तूचे साडेचार हजार घेतले आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली तर बॅटरी उतरली.

नकार दिला हे खरं आहे. उद्या पुन्हा आलात तरी देईन.

काच वर गेली की थांबायचं, हे त्या मॉड्यूलला कळतं कसं? त्याला डोळे नाहीत, काच कुठे आहे हेही माहीत नसतं. त्याला फक्त मोटर किती करंट ओढते तेवढं समजतं. मोकळी काच चढताना मोटर पाच-सहा अँपिअर घेते. वर टेकली की मोटर अडते आणि करंट एकदम पंधरा-वीसच्या पुढे उडी मारतो. आपण मर्यादा ठरवून देतो, करंट तिच्यावर गेला की मॉड्यूल मोटर सोडून देतं. आता काच चौकटीला टेकली काय किंवा मधे कुणाची बोटं आली काय, मॉड्यूलच्या हिशोबाने दोन्ही सारखंच. ती मर्यादा म्हणजेच बोटांवर पडणारा दाब. मॉड्यूलवरचा प्रीसेटचा, म्हणजे ही मर्यादा कमी-जास्त करायचा, स्क्रू फिरवून तुम्ही जे वाढवायला सांगत होता, ते हेच.

तुमच्या गाडीवर आम्ही १० अँपिअरची मर्यादा ठेवली होती. तुम्ही तक्रार घेऊन आलात तेव्हा तुमच्यासमोरच वायरीवर करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. तीन काचा सहाच्या आत चढल्या. डाव्या मागच्या काचेने शेवटच्या चार बोटांत ११ दाखवले. म्हणजे मॉड्यूल बरोबर थांबत होतं, जड झाली होती ती काच. चौकटीतलं रबर कडक झालंय, त्याच्या खाचेत चिखलाचं पाणी वाळून बसलंय, आणि वरच्या भागात काच दोन्ही बाजूंनी त्या खाचेत घट्ट धरली जाते. त्यावर उपाय रबर धुऊन, सुकवून, सिलिकॉन स्प्रे मारण्याचा. फारच कडक झालं असेल तर रबर बदलायचं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, तुम्हाला घाई होती.

‘बटणाने तीच काच नीट वर जाते, मग मॉड्यूललाच काय धाड भरली?’ असं तुम्ही विचारलंत. प्रश्न रास्त आहे. बटण दाबता तेव्हा इंजिन चालू असतं, मोटरला चौदाच्या आसपास व्होल्ट मिळतात. गाडी लॉक करता तेव्हा इंजिन बंद, बॅटरीवर बारा-साडेबारा. जड काच तेव्हा आणखी रेंगाळते. आणि बटणाच्या वाटेत ती १० ची मर्यादा येत नाही, तिथे बटणावर तुमचं बोट असतं, काचेकडे तुमचं लक्ष असतं. मॉड्यूलच्या बाबतीत बघणारा कुणीच नसतो.

किल्ली काढली की थोड्या वेळात काचा चालेनाशा होतात, ही सोय कंपनीने उगाच केलेली नाही. गाडीत एकटं राहिलेलं मूल खिडकीशी खेळू नये म्हणून ती आहे. मॉड्यूल बसवतो तेव्हा ती सोय आपणच ओलांडतो, कारण किल्ली काढल्यावर काच चालवणं हेच त्याचं काम. मग त्या जागी दुसरा आडोसा नको का? युरोपातल्या गाड्यांच्या नियमानुसार आपोआप चढणाऱ्या काचेने ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत १०० न्यूटनपेक्षा जास्त दाब पडण्याआधी उलटं फिरलं पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण दहा किलोचं ओझं. कंपनीच्या अँटी-पिंचमध्ये, म्हणजे बोट चिमटू न देणाऱ्या सोयीत, मोटरचा वेग आणि काचेची जागा मोजली जाते, त्यामुळे हे जमतं. आपलं मॉड्यूल उलटं फिरत नाही, नुसतं थांबतं. त्याच्याकडे आहे ती करंटची मर्यादा एवढीच, आणि तीही काढून घ्यायची?

घरी लहान मुलं आहेत, लॉक केल्यावर काचा तपासत बसायला वेळ नाही, असं तुम्हीच लिहिलंय. साहेब, मुलं आहेत म्हणूनच नाही म्हटलं. आईवडील उतरतात, चालता चालता रिमोट दाबतात, आणि मागचं पोरगं अजून खिडकीतून हात काढून आजीला टाटा करत असतं.

दुसऱ्या दुकानात नेमकं काय केलं ते मी पाहिलेलं नाही. पण चॅनेल, म्हणजे काच सरकते ती रबराची खाच, धुऊन सुकवणं दहा मिनिटांत होत नाही, स्क्रू फिरवणं एका मिनिटात होतं.

उद्धटपणाचं म्हणाल तर आमच्या कोल्हापुरात साधं बोललं तरी बाहेरच्याला भांडण वाटतं, आणि शेजारी ग्राइंडर चालू असला की आवाज आणखी चढतो. तुम्हाला कमी लेखायचा हेतू नव्हता.

वायरी कापल्या, हो. याला दुसरा मार्ग नाही. बटण सोडलेलं असतं तेव्हा मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थला असतात. तिथे नुसती वायर सोलून वरून बारा व्होल्ट दिले तर करंट मोटरकडे न जाता स्विचमधून सरळ अर्थला जाईल. फ्यूज उडेल, नाही उडाला तर स्विच जळेल. म्हणून वायर मधे तोडून एक टोक स्विचकडे, दुसरं मोटरकडे असं मॉड्यूल त्यात बसवावं लागतं. तुमच्या मॉडेलचा तयार कपलर, म्हणजे वायर न कापता मधे खोचायचा जोड, मिळत नव्हता, आणि इलेक्ट्रिकल वॉरंटीवर कंपनी आक्षेप घेऊ शकते हे काम घेण्याआधी सांगून बिलावर लिहिलंय. सगळे जोड सोल्डर करून वर स्लीव्ह घातलीय. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली नाही. साडेचार हजारांत हेच आलं: बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूजची जाड वायर, दारांचे आतले पॅड काढणं-बसवणं, आणि एका माणसाचा अख्खा दिवस. पंधराशेचा डबा स्वतः जाऊन गाडीत बसत नाही.

बॅटरीचा हिशोब. मॉड्यूल झोपेत ८ मिलिअँपिअर घेतं, डिलिव्हरीच्या वेळी मोजून बिलावर लिहिलंय. दोन आठवड्यांत होतात पावणेतीन अँपिअर-अवरच्या आत. तुमची बॅटरी ३५ ची. गाडीचं स्वतःचं घड्याळ, रिमोट, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिळून २५ मिलिअँपिअर धरले तरी सगळं अकराच्या आसपास जातं, चांगली बॅटरी तेवढ्याने उतरत नाही. मात्र तुमच्या गाडीत बाहेरून बसवलेला डॅशकॅम सतत करंटवर आहे. पार्किंग मोडमध्ये असा कॅमेरा पाव अँपिअर घेत असेल तर दिवसाला सहा अँपिअर-अवर जातात, आठवडासुद्धा पुरत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कुठल्याही चांगल्या वायरमनकडे मोजून घ्या. गाडी लॉक करून अर्धा तास झोपू द्यायची, बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये लावायचा, मग आधी आमचा फ्यूज काढून आणि नंतर कॅमेऱ्याचा काढून आकडा किती उतरतो ते बघायचं.

रविवार सोडून कधीही या. डाव्या मागच्या दाराचं चॅनेल साफ करून मर्यादा पुन्हा १० वर लावून देतो, पैसे घेणार नाही. रबर बदलावं लागलं तर फक्त रबराचे द्या. मॉड्यूलच नको असेल तर काढून वायरी मूळच्या सारख्या जोडून देईन आणि मॉड्यूलचे पैसे परत करीन.

तोवर एक काम आजच करा. बॉनेट उघडा, बॅटरीच्या प्लसजवळ आमची पिवळी पट्टी लावलेला फ्यूज होल्डर आहे, त्यातला फ्यूज काढून ठेवा. मॉड्यूल बंद पडेल, पण बटणाने चारही काचा नेहमीसारख्या चालतील, कारण मॉड्यूलमधले रिले, म्हणजे करंटवर चालणारे स्विच, सुटलेले असताना स्विचपासून मोटरपर्यंतचा रस्ता सरळच असतो.