गमभन सोडून ‘ॲट फॅमिली’

मुंबईत शाळेचा वाद पेटला की त्याची धग इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगच्या मराठी ग्रुपपर्यंत येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. हिंदी नको यावर लगेच एकमत झालं आणि गाडी नेहमीसारखी इंग्रजीवर आली. एक म्हणतो, मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, मग माध्यम बदलायची घाई कशाला? दुसरा म्हणतो, नुसत्या विषयानं भागत नाही, माध्यमच हवं. कितवीपासून, यावर भांडायला सगळे तयार. त्या पहिल्या वर्षी पोराला इंग्रजी म्हणून नेमकं काय देतात, ते कुणी विचारत नाही.

मध्यंतरी मुलुंडहून वहिनीनं सिनिअर केजीतल्या भाच्याच्या चाररेघी वहीचा फोटो पाठवला. वर ‘ॲट फॅमिली’, खाली बॅट, कॅट, हॅट, मॅट, रॅट, व्हॅट, प्रत्येक शब्द पाच-पाच वेळा.

“वहिनी, व्हॅट म्हणजे काय सांगितलंस गं त्याला?”

“अगं, मलाच कुठे माहितीये! मंगळवारी डिक्टेशन आहे, पाठ करून घ्या म्हणाल्या टीचर.”

(व्हॅट म्हणजे मोठं पिंप. आमच्या बाबांना विचारलं असतं तर त्यांनी जीएसटीच्या आधी दुकानाला भरावा लागायचा तो व्हॅट सांगितला असता.)

इथे इंग्लंडमध्ये सी, ए, टी ही नावं बाजूला ठेवून आधी अक्षरांचे आवाज शिकवतात, यालाच फॉनिक्स म्हणतात. बऱ्याच शाळांत सुरुवात ए-बी-सीनं होतच नाही. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं पहिली, कारण तेवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप असे शब्द लगेच जुळतात. हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. गमभन तेच करतं: चार सोपी अक्षरं आली की मन, नभ, गगन वाचता येतं, ज्ञ येईपर्यंत थांबावं लागत नाही. पालकांच्या बैठकीत बाई सांगत होत्या, “म असं म्हणू नका, ओठ मिटून नुसतं म्.” बाकीचे आईबाप पुन्हा पुन्हा ‘म’च म्हणत होते. पाय मोडलेला म् मला शाळेपासून ओळखीचा. शिवाय आपल्या वर्णमालेत २००९ पासून ॲ आणि ऑ अधिकृतपणे आहेत. कॅट आणि कॉट यांतला फरक मराठी मुलाला स्वतःच्या लिपीत मांडता येतो. इतकी तयारी घरात असताना ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हा घोष अजून कशाला चालू ठेवायचा?

म्हणून इथली पद्धत जशीच्या तशी उचला, असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईत गल्लोगल्ली फॉनिक्सचे क्लास निघालेत, ते नेमकं तेच करतात. इथे २०१२ पासून पहिलीच्या मुलांची एक तपासणी होते. चाळीस शब्द, त्यातले वीस मुद्दाम निरर्थक, शेजारी कुठल्यातरी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र. मूल आवाज जोडून वाचतं की पाहिलेला शब्द आठवून सांगतं, ते त्यातून कळतं. पण ही युक्ती चालते कारण इथलं बहुतेक पोर कॅट, मॅट, वेट हे शब्द दोन वर्षांचं असल्यापासून ऐकत आलेलं असतं. वाचता आलं की अर्थ फुकट मिळतो. भांडुपच्या चाळीतल्या मुलीला ‘व्हॅट’ आणि परग्रहावरचा ‘व्हॅप’ सारखेच परके. ती आवाज अचूक जोडेल, हातात काहीच येणार नाही.

तिच्या तोंडात इंग्रजी नाही असंही नाही. बस, पेन, बॅग, कप, टब, बेड, पिन, जॅम, फॅन. गल्लीतल्या क्रिकेटमधले बॅट, पॅड, रन, हिट. सगळे तीन अक्षरी, सगळे नियमात बसणारे, आणि अर्थ विचाराल तर तीच तुम्हाला वेड्यात काढेल. पहिले पन्नास शब्द यांतूनच घ्यावेत. डेन, फिन, रग नंतर येऊ देत, चित्रासकट आणि वाक्यासकट. त्यासाठी ना महागडा क्लास लागतो, ना माध्यम बदलावं लागतं. पालिकेच्या मराठी शाळेतल्या बाई फळ्यावर हे उद्यापासून करू शकतात. मात्र व्ही आणि डब्ल्यूला वेळ द्यावा लागेल. आपला जिभेवरचा व दोन्हीकडे धावतो, आणि लिहिताना ‘वेट’चं ‘व्हेट’ होतं.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. ‘सेड’, ‘वॉज’, ‘द’ यांना आवाजाचा नियम पुरा पडत नाही. इथल्या बाई त्यांना ‘ट्रिकी वर्ड्स’ म्हणतात आणि चक्क घोकून घेतात. वहिनीची पाच-पाच वेळा लिहून घ्यायची पद्धत तिथे खुशाल वापरावी.