कोकिळेचे पिल्लू कावळ्याची अंडी ढकलत नाही

कावळ्याच्या घरट्यात जन्मलेले कोकिळेचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीने बाहेर ढकलते, असा मजकूर एका चित्रफितीसह सध्या फिरत आहे. ही गल्लत आहे. चित्रफितीतले ते उघडेबोडके, डोळेही न उघडलेले पिल्लू युरोपात आढळणाऱ्या कक्कू या पक्ष्याचे आहे. पाठीवरच्या खोलगट भागात अंडे घेऊन, घरट्याच्या भिंतीला पाय रोवून ते बाहेर लोटण्याची ही क्रिया इंग्रज वैद्य एडवर्ड जेन्नर यांनी १७८८ मध्ये वर्णिली होती. आपल्याकडच्या कोकिळेचे पिल्लू सहसा असे करत नाही. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्याआधी फुटते, त्यामुळे पिल्लू लवकर वाढीला लागते आणि घास मिळवण्यात पुढे राहते. कावळ्याची काही पिल्ले उपासमारीने दगावतात खरी, पण अनेक घरट्यांत दोघांची पिल्ले शेजारी शेजारी वाढतात. कोकीळ पक्ष्याला ‘आळशी’ किंवा ‘निर्दय आई’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण घरटे बांधण्याची उपजत प्रेरणाच उत्क्रांतीच्या ओघात त्याच्यात उरलेली नाही. त्याच मजकुरात ‘कुहू’ हा आवाज मादीचा म्हटला आहे, तेही चूक आहे. तो काळ्याभोर नराचा असतो, ठिपकेदार तपकिरी मादी ‘किक्-किक्’ असे ओरडते.