तळमजल्याचा ताबा

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावर एक भाडेकरू होते. होते म्हणजे, अजून आहेत. बाबा त्यांच्याशी ३१ वर्षं कोर्टात भांडताहेत. ‘तारीख’, ‘स्टे’ आणि ‘ताबा’ हे शब्द मी वरणभाताबरोबर गिळत मोठा झालो. त्यामुळे मिशिगनमध्ये घर घेतलं तेव्हाच ठरवलं होतं, की भाडेकरू ठेवायचा नाही.

मग मागच्या अंगणात मधमाश्यांची पेटी ठेवली. दुमजली.

थंडीत माश्या मधाच्या जवळ, वरच्या मजल्यावर, एकमेकींना बिलगून गोळा करून बसतात आणि उडायचे स्नायू थरथरवून ऊब धरतात. गोळ्यातून सुटली ती गारठली. त्यामुळे खाली कोण राहायला आलंय, याची चौकशी करायला कुणी उतरत नाही. वाड्यातही हेच झालं होतं म्हणा.

जुन्या मधपाळांनी बजावलं होतं, थंडी पडायच्या आत दाराला भोकांची पत्र्याची पट्टी ठोक. नऊ-दहा मिलिमीटरच्या भोकातून माशी जाते, उंदराची कवटी अडते. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, चकल्यांचा चुरासुद्धा संपला, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर मी पत्र्याऐवजी घरात पडलेली लाकडी पट्टी बसवून मोकळा झालो. साहेब तोवर आत. त्यांनी ती पट्टी आतून कुरतडून स्वतःपुरता दरवाजा केला. कमानदार.

मार्चअखेर पारा १३ अंशांवर गेला तेव्हा झाकण उघडलं. वर माश्या जिवंत होत्या. खालच्या पेटीतून मात्र आधी वास आला, माळ्यावरचं जुनं पिंप सरकवल्यावर येतो तोच. चार चौकटींतून आरपार बोगदा, तळाला मेणाचा भुगा, आणि मधोमध घरटं: वाळलं गवत, मेपलची पानं, ड्रायरमधली लव आणि निळी लोकर.

लोकर ओळखीची वाटली. आईने विणलेली कानटोपी. व्हिडिओ कॉलवर ‘रोज घालतो’ असं मी सांगितलं होतं आणि ती गॅरेजात होती.

लोकरीतून दोन टपोरे डोळे वर आले. मला वाटलं, पळेल. तो थांबला. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, नोटीस आणलीये का म्हणून. मग सावकाश उतरून, माझ्या बुटावरून, गॅरेजच्या दिशेने गेला. बहुधा दुसरी कानटोपी बघायला.

पुढचा अख्खा रविवार साफसफाईत गेला. लेंड्या कोरड्या झाडायच्या नसतात, ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसायच्या. मुतलेल्या पोळ्याकडे माश्या ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून चार चौकटींचं पोळं कापून टाकलं. शेजारी डांबराच्या गोळ्या घेऊन मदतीला आला, त्याला कसाबसा परतवला. मेण तो वास सोडत नाही, मग टोस्टवर काय लावायचं?

रात्री पुण्याला फोन केला. आईला टोपीचं सांगितलं नाही. बाबांना मात्र सगळं सांगितलं. खालचा मजला, बोगदा, कमान, वास. ते मन लावून ऐकत होते. 

“गेला? स्वतःहून?”

“हो.”

“कधी घुसला होता म्हणालास?”

“ऑक्टोबरात.”

पलीकडे बराच वेळ शांतता.

“सहा महिन्यांत ताबा,” बाबा म्हणाले. “वकील कोण होता रे?”